फॅक्टरी बोल्ट-ॲक्शन रायफलवर केलेले उद्योग : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा झुबका, पूर्वी सव्वा ते दीड इंचाचा यायचा. आता तो इंचाच्या आसपास असतो, हात जमलेल्या दिवशी किंचित आत. तेवढ्यासाठी स्टॉक (रायफलचा दस्ता), ट्रिगर, बेडिंग (दस्त्यातली बैठक) हा सगळा खटाटोप कशाला, असं कुणीही म्हणेल. पण खरा फरक वेगळ्याच ठिकाणी पडला. थंड बॅरलमधून सुटणारी पहिली गोळी कुठे लागणार हे आता आधी सांगता येतं, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते तिथे.

रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची, बॅरल २४ इंची, ॲक्शन, म्हणजे गोळी भरून झाडणारी यंत्रणा, रेमिंग्टन ७०० च्या साच्याची. बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे तिच्या प्लास्टिकच्या स्टॉकला नावं ठेवायची आहेत आणि त्या किमतीत असे स्टॉक देणारी ती एकटी नाही. ७०० बाजारात आली १९६२ साली. तेव्हापासून तिच्या मापाचे स्टॉक, ट्रिगर, रेल (स्कोप बसवायची पट्टी) इतक्या जणांनी बनवलेत की पहिल्यांदा हात घालणाऱ्याने डोळे झाकून हाच साचा घ्यावा. बॅरलही घरीच बदलायची हौस असेल तर मात्र सॅव्हेज ११० बघा. तिची बॅरल नटने आवळलेली असते, पाना आणि हेडस्पेस गेज (काडतूस आत नीट बसतं का ते तपासायचं माप) असले की काम होतं. ७०० साठी बहुधा गनस्मिथची, म्हणजे बंदुकीच्या कारागिराची, पायरी चढावी लागते.

मी टेक्सासमध्ये राहतो, तेव्हा कायद्याचं बोलणं अमेरिकेपुरतं. सिरियल नंबर असलेला रिसीव्हर (ॲक्शनचं मुख्य धड) म्हणजे कायद्याच्या लेखी बंदूक. ती दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन हातात पडते. स्टॉक, ट्रिगर, स्कोप (नेमाची दुर्बीण) हे सुटे भाग थेट घरपोच येतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडणारी गोष्ट म्हणजे एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा चालू परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. भारतातल्या वाचकांनी हे फक्त वाचावं. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि दुरुस्ती किंवा फेरफार करण्यासाठीसुद्धा परवाना लागतो.

आता स्टॉक. मूळच्या स्टॉकचा पुढचा भाग इतका लवचिक होता की बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून जरा भार दिला की तो बॅरलला टेकायचा. बॅरल आणि स्टॉकमध्ये कागदाची पट्टी घालून मागे सरकवून बघा. रायफल नुसती टेबलावर असताना पट्टी सरसर जायची, बायपॉडवर भार दिला की अडकायची. परिणाम असा की वाळूच्या पिशवीवरून झाडलेला ग्रुप एका जागी आणि बायपॉडवरून झाडलेला दुसऱ्या जागी. ग्रुप दोन्हीकडे ठीकठाक, पण जागा वेगळी. माणूस मग स्कोपला दोष देत बसतो.

मी लॅमिनेटेड लाकडाचा स्टॉक घेतला, गालपट्टी वरखाली होणारा. ॲल्युमिनियमची चॅसिसही (स्टॉकऐवजीचा धातूचा सांगाडा) घेता आली असती, तिला बेडिंगचा व्याप बहुतेक वेळा लागत नाही. पण उन्हाळ्यात तापलेल्या आणि हिवाळ्यात गारठलेल्या धातूला गाल लावणं मला नको होतं. शिवाय बेडिंग करून बघायचंच होतं, हेही खरं.

बेडिंग म्हणजे ॲक्शन आणि स्टॉकच्या मधली फट पोलादाची पूड मिसळलेल्या इपॉक्सीने भरून ॲक्शनला तिच्या मापाची बैठक करून देणं. यात इपॉक्सीपेक्षा तयारीला वेळ जातो. रिकॉइल लगच्या (धक्का स्टॉकला देणाऱ्या, ॲक्शनखालच्या तुकड्याच्या) पुढच्या बाजूला, कडांना आणि खाली टेप लावायची. मागची बाजू मात्र मोकळी ठेवायची, कारण धक्का तीच बाजू घेते आणि तिथे पक्कं टेकायला हवं. ॲक्शनची सगळी भोकं आणि खाचा मॉडेलिंग क्लेने बुजवायच्या. मग इपॉक्सी चिकटू नये म्हणून रंगहीन बूट पॉलिशचा हात फिरवायचा, स्क्रूंच्या आट्यांवरसुद्धा. एखादी खाच राहिली तर इपॉक्सी तिथे शिरून ॲक्शन स्टॉकमध्ये कायमची अडकते. बॅरल मधोमध राहावी म्हणून पुढे इलेक्ट्रिकल टेपचे वेढे दिले, स्क्रू फक्त बोटाने बसवले, आवळले नाहीत. कडांमधून बाहेर आलेला काळा चिखल कापसाच्या बोळ्यांनी पुसत बसलो तेव्हा बायको गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, ‘‘अहो, दिवाळीच्या साफसफाईला इतका जीव लावला असतात तर!’’

चोवीस तासांनी रबरी हातोडीने बॅरलला खालून हलके ठोके दिले आणि कट्कन आवाज करून ॲक्शन सुटली. आत रिसीव्हरचा ठसा आरशासारखा उमटला होता. दोनचार बुडबुडे दिसले, त्यांनी काही बिघडत नाही. नीट बसलंय का हे तपासायची सोपी रीत म्हणजे बॅरल आणि स्टॉकच्या टोकाशी दोन्हींवर एक बोट ठेवायचं आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. बॅरल उचलली गेल्याचं बोटाला जाणवलं तर ॲक्शन ताणाखाली आहे. माझी हलत नाही. स्क्रू ४५ इंच-पाउंडांना (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळतो. ॲल्युमिनियमच्या बैठकीला ६५ चालतात, पण लाकडात धातूचे पिलर (स्क्रूभोवतीच्या नळ्या) नसतील तर जोर करू नका, लाकूड दबत जातं. टॉर्क रेंच उसना आणा हवा तर, पण अंदाजाने आवळू नका.

ट्रिगर टिमनी कंपनीचा बसवला. दोन पिना काढायच्या आणि घालायच्या, एवढंच काम. फक्त पिन काढताना बोल्ट स्टॉपची (बोल्टला अडवणाऱ्या भागाची) इवलीशी स्प्रिंग उडते, म्हणून खाली टॉवेल अंथरा. मूळची ओढ पाचेक पाउंड होती, आता अडीच आहे. हा ट्रिगर दीडपर्यंत उतरतो, पण शिकारीला नेण्याच्या रायफलवर मी अडीचच्या खाली जाणार नाही. बसवल्यावर रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून तपासणी करा. बोल्ट जोरात बंद करायचा, कुंदा जमिनीवर आपटायचा, सेफ्टी लावून ट्रिगर ओढायचा आणि मग सेफ्टी काढायची. यात कुठेही फायरिंग पिन सुटली तर ती रायफल रेंजवर न्यायची नाही. २०१४ साली खुद्द रेमिंग्टनला ७०० चे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत बोलवावे लागले होते. तेव्हा ट्रिगरशी खेळ नको. घासणं, कापणं तर अजिबात नको.

स्कोपबद्दल फार लिहीत नाही. रिंगा १८ इंच-पाउंडांना आवळल्या. आडवी रेघ पातळीत आणायला कुंपणावर चक्क ओळंबा टांगला आणि उभी रेघ दोरीशी जुळवली. महागड्या लेव्हलपेक्षा हे बरं.

पैशांच्या मानाने सर्वांत जास्त देणारी वस्तू मात्र गालपट्टी निघाली. गाल टेकला की डोळा आपोआप स्कोपच्या मध्यावर यायला हवा. मूळ स्टॉकवर मला हनुवटी टेकून मान ताणावी लागायची. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने रायफल नेमबाजीच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक ब्राँझ मिळवलं, ते पाहिलं असेल तर आठवून बघा. त्या प्रकारातल्या रायफलींची गालपट्टी, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पाटी) सगळं खेळाडूच्या अंगाप्रमाणे लावलेलं असतं. आपण मात्र दुकानातून आलेल्या मापात स्वतःला बसवायला बघतो.

मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करायला बॅरलच्या तोंडाला लावायचा तुकडा, लावला आणि काढला. बॅरलच्या टोकाला ५/८-२४ मापाचे आटे होतेच. धक्का कमी होतो यात शंका नाही, पण ६.५ क्रीडमूरचा धक्का मुळातच फारसा नसतो, आणि रेंजच्या पत्र्याखाली तो आवाज शेजाऱ्याच्या कानावर असा आदळतो की लोक आपलं सामान उचलून दूर जातात.

गोळ्यांचं एक सांगायला हवं. स्वस्त गोळ्या सोडून १४० ग्रेन वजनाच्या मॅच (स्पर्धेसाठीच्या) गोळ्या घेतल्या तेव्हा ग्रुप जेवढा आवळला, तेवढा एकाही सुट्या भागाने आवळला नाही. आधी दोनतीन प्रकारच्या गोळ्या झाडून बघा, मग पाना हातात घ्या. आणि ग्रुप पाच गोळ्यांचा मोजा, दहाचा तर उत्तमच. तीन गोळ्यांचा अर्ध्या इंचाचा फोटो नशिबानेही निघतो.

उणी बाजू वजनाची. लॅमिनेट जड असतं आणि दिवसभर खांद्यावर वागवायची असेल तर फायबरग्लास बघावा, खिसा परवानगी देत असेल तर. बॅरल अजून मूळचीच आहे आणि तिच्यात बदलण्यासारखं मला काही दिसत नाही. ६.५ क्रीडमूरची बॅरल साधारण दोन-तीन हजार गोळ्या चांगली चालते, तोवर विषय नाही. मूळचा स्टॉक आणि ट्रिगर खोक्यात घालून ठेवलेत. विकायची वेळ आली तर ते परत चढवून रायफल होती तशी देता येते. ट्रिगर दुसऱ्या ७०० वर तसाच जातो. स्टॉकची बैठक मात्र नव्या ॲक्शनसाठी खरवडून पुन्हा करावी लागेल.