मेकॅनिकल सांगून मेंब्रेन कीबोर्ड कसा विकला जातो

गोव्यात म्हापशातील एका संगणक दुकानातून मी साडेतीन हजार रुपयांना मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असलेला, कीबोर्ड म्हणून जो माल विकत घेतला, तो मेकॅनिकल नव्हता; रबराच्या टोप्या आणि प्लास्टिकच्या पडद्यांवर चालणारा साधा मेंब्रेन कीबोर्ड होता. पैसे अखेर परत मिळाले, परंतु तीच खोकी, छापील शब्द झाकणाऱ्या तशाच चिकट्या लावून, त्या दुकानात अजूनही मांडलेली आहेत. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी डिचोलीत मराठी टंकलेखनाची आणि मुद्रितशोधनाची कामे करतो आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळरचनेने लिहितो. इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त ‘डी’ या कळेवर असतो, म्हणजे प्रत्येक जोडाक्षरासाठी ती कळ दाबावीच लागते. घरात शिकायला असलेला माझा भाचा संध्याकाळी त्याच संगणकावर खेळतो आणि बहुतेक खेळांत उजवीकडे सरकण्यासाठी हीच ‘डी’ कळ वापरली जाते. दिवसा हलन्त आणि रात्री खेळ असा दुहेरी भार सोसणारी ती कळ सर्वांत आधी बिघडली, यात आश्चर्य नाही. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पावसाळ्याच्या दमटपणात स्विचमधील धातूचे संपर्क खराब होतात आणि एकदा दाबलेली कळ दोनदा उमटू लागते. माझ्या जुन्या कीबोर्डचे तसेच झाले, आणि हलन्त दोनदा पडल्यामुळे जोडाक्षरे फुटू लागली. त्याचे स्विच सोल्डर केलेले असल्यामुळे एका कळेसाठी संपूर्ण बोर्ड उघडून सोल्डरचे डाग वितळवून काढावे लागले असते. म्हणून नवा घेताना स्विच चिमट्याने उपसून बदलता यावेत, म्हणजे ज्याला हॉट-स्वॅप म्हणतात तशी सोय असावी, ही माझी पहिली अट होती.

दुसरी अट स्विचच्या प्रकाराची होती. लाल स्विच सरळ खाली जातो, ब्राउन स्विचला मध्ये हलका उंचवटा जाणवतो आणि निळा स्विच त्या उंचवट्याबरोबर टकटक आवाजही करतो. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स मालिकेत लाल स्विचला ४५ सेंटिन्यूटन आणि ब्राउनला ५५ सेंटिन्यूटन जोर लागतो. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, परंतु अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटते. मूळ पेटंटची मुदत संपल्यानंतर गॅटेरॉन, काईल यांसारख्या कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच बनवायला सुरुवात केली आणि रंगांची प्रथाही तीच ठेवली. त्यामुळे ‘ब्राउन’ म्हटले की तो चेरीचाच असेल असे नाही, आणि तो चेरीचा नसला म्हणून वाईट असतो असेही नाही. माझ्या मते रोजच्या लेखनासाठी या इतर कंपन्यांचे स्विच उत्तम चालतात. टंकलेखनाला आधार हवा आणि रात्री घरच्यांची झोप मोडू नये, म्हणून मी ब्राउन निवडला होता.

दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेला कीबोर्ड खरोखरच चांगला होता. दुकानदाराने माझ्यासमोर कीकॅप, म्हणजे कळेवरचे प्लास्टिकचे झाकण, काढली, चिमट्याने स्विच उपसून त्याच्या दोन धातूच्या पिना दाखवल्या आणि तो परत बसवून कळ चालवून दाखवली. मी मेकॅनिकल, हॉट-स्वॅप आणि ब्राउन हे तिन्ही शब्द उच्चारून विचारले आणि तिन्हींना त्याने होकार दिला. मग आतून त्याच रंगाचे, तसेच चित्र असलेले सीलबंद खोके आले. ते उघडून पाहण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा तो म्हणाला, “पात्रांव, सील तोडले की कंपनी वॉरंटी देत नाही, आणि आतला माल हाच आहे.” बिल मी मागून घेतले, ते जीएसटीचे पक्के बिल होते, त्यावर गोव्याच्या ३० या संकेतांकाने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही होता. मालाच्या रकान्यात मात्र ‘गेमिंग कीबोर्ड, १ नग’ एवढेच छापलेले होते. सगळी लबाडी या तीन गोष्टींत होती: नमुना वेगळा, खोके सीलबंद आणि बिलावरचे वर्णन मोघम.

घरी खोके उघडल्यावर पहिल्यांदा जाणवला तो हलकेपणा. कीकॅप काढली तर खाली ब्राउन रंगाचा, अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा होता, अगदी खऱ्या स्विचसारखा. बहुतेक ग्राहक येथेच समाधानी होतील, आणि तो दांडा तशा रंगात बनवण्याचा हेतूही तोच असावा. परंतु त्या दांड्याभोवती स्वतंत्र स्विचची चौकोनी डबी नव्हती. दांडा कीबोर्डच्या वरच्या प्लास्टिकमध्येच घडवलेल्या खोबणीतून वर-खाली होत होता आणि चिमट्याला पकडायला काहीच नव्हते. त्याखाली रबराची टोपी आणि संपर्काचे प्लास्टिकचे पातळ पडदे, म्हणजे तीनशे-चारशे रुपयांच्या साध्या कीबोर्डमध्ये असते तीच मेंब्रेन रचना होती.

ही गोष्ट कीबोर्ड न उघडताही सिद्ध करता येते. नोटपॅड उघडून एखादी कळ अगदी सावकाश दाबावी. मेकॅनिकल स्विचमध्ये अक्षर निम्म्या वाटेवर उमटते आणि त्यानंतरही कळ खाली जायला जागा उरते; मेंब्रेनमध्ये रबराची टोपी पूर्ण दबून कळ तळाला टेकते तेव्हाच अक्षर येते. दुसरी चाचणी अशी, की दोन्ही शिफ्ट कळा एकत्र दाबून धराव्यात आणि इंग्रजी वर्णमाला ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत टाइप करावी. माझ्या नव्या कीबोर्डवर अनेक अक्षरे गळाली. मेंब्रेनच्या जाळ्यात प्रत्येक कळेसाठी स्वतंत्र डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, नसल्यामुळे अनेक कळा एकत्र दाबल्या की काही कळा संगणकाला ओळखताच येत नाहीत. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये तसा डायोड असतो, म्हणून कितीही कळा दाबल्या तरी त्या सर्व पोहोचतात. भाच्याला हेच खेळताना वेगळ्या रीतीने कळले होते: शिफ्ट धरून तिरके धावताना स्पेसबार दाबला, तरी खेळातले पात्र उडीच मारत नव्हते.

त्यानंतर मी खोके नीट तपासले. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘मेकॅनिकल’ असे इंग्रजीत छापलेले होते आणि त्यालगत किमतीची चिकटी लावलेली होती. चिकटीची कड अलगद उचलली, तेव्हा तिच्याखाली ‘फील’ हा शब्द निघाला. म्हणजे बनवणाऱ्याने माल ‘मेकॅनिकलसारखा अनुभव देणारा’ असाच छापला होता आणि तो शब्द विक्रीच्या टप्प्यावर झाकला गेला होता. आयात केलेल्या बंद खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापणे वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार बंधनकारक आहे. या खोक्यावर मूळ देश होता, आयातदार मात्र कोठेच नव्हता. मग ज्या ‘कंपनीच्या वॉरंटी’साठी सील तोडू नये असे मला सांगितले गेले, ती वॉरंटी देणार तरी कोण होते?

मी चिकटी तशीच ठेवून फोटो घेतले, सावकाश कळ दाबण्याचा व्हिडिओ केला आणि कीबोर्डच्या मागच्या स्क्रूंना हात लावला नाही. कारण एकदा स्क्रू उघडले की ‘तुम्हीच खोलून बिघडवले’ असे म्हणायला दुकानदार मोकळा होतो. दुकानात गेल्यावर त्याने बिलाकडे बोट दाखवले. बिलावर मेकॅनिकल असे लिहिलेलेच नाही, गेमिंग कीबोर्ड मागितला आणि गेमिंग कीबोर्ड दिला, असे त्याचे म्हणणे होते. करासाठीच्या वर्गीकरण संकेतांकाचाही येथे उपयोग नसतो, कारण मेंब्रेन असो वा मेकॅनिकल, दोन्ही ८४७१ या शीर्षाखालीच येतात. पैशांऐवजी दुकानातील दुसरी वस्तू घेण्याचा त्याचा प्रस्ताव मी नाकारला.

या ठिकाणी पुष्कळ जण हात टेकतात, आणि तसे करू नये म्हणून पुढील भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथेची व्याख्या आहे. माल विशिष्ट दर्जाचा, रचनेचा किंवा प्रकारचा आहे असे खोटे सांगणे त्यात मोडते, आणि ते विधान तोंडी असो, लेखी असो किंवा डोळ्यांना दिसेल अशा रीतीने केलेले असो, कायदा तिन्हींना सारखेच धरतो. म्हणजे बिलावर लिहिले नाही हा बचाव पुरेसा नाही. समोर ठेवलेला नमुना आणि तोंडी दिलेला होकार हीदेखील विधानेच आहेत. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे मराठीतही बोलता येते. मग त्या तक्रारीचा क्रमांक, कलमाचा उल्लेख आणि फोटो जोडून दुकानदाराला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले. त्यात ठराविक मुदतीत रक्कम न मिळाल्यास पर्वरी येथील उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, असे स्पष्ट लिहिले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पत्र पोहोचल्यानंतर दुकानातून फोन आला आणि पूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा झाली. दुकानदाराने दिलगिरी व्यक्त केली नाही, आणि चिकट्यांबद्दल विचारले असता तो माल वरूनच तसा येतो असे सांगितले.

नंतर पणजीत घेतलेल्या कीबोर्डच्या वेळी मी खोके काउंटरवरच उघडायला लावले, दोन-तीन ठिकाणचे स्विच उपसून पाहिले आणि तेथील संगणकाला जोडून शिफ्टची चाचणी केली. हॉट-स्वॅपच्या बाबतीत आणखी एक खात्री करून घ्यावी लागते: काही स्वस्त बोर्डांवरचे सॉकेट एकाच कंपनीच्या बारीक पिनांचे स्विच स्वीकारतात आणि काही बोर्डांत तीन पिनांचेच स्विच बसतात, पाच पिनांचे बसवायचे तर प्लास्टिकचे दोन पाय कापावे लागतात. वायरलेस कीबोर्ड घेणार असाल, तर त्याला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बिलावर ‘मेकॅनिकल, हॉट-स्वॅप, ब्राउन स्विच, ८७ कळा’ असे लिहून देण्यास या दुकानदाराने काहीही हरकत घेतली नाही.

आयातदाराचे नाव नसलेल्या खोक्याबाबत मी वैधमापन विभागाकडे फोटोंसह वेगळी लेखी तक्रार दिली आहे. बार्देश, डिचोली किंवा पेडणे भागात कोणी अशा चिकटीचे खोके घेतले असेल, तर त्यांनी चिकटी पूर्ण काढून टाकू नये, खोके फेकू नये आणि कड उचलण्याआधी व उचलल्यानंतर असे दोन्ही फोटो बिलासोबत जपून ठेवावेत.