हाय-रेव्ह क्वाडसाठी थांबायचं का? अफवेतलं इंजिन, वायएफझेड४५०आर आणि राप्टर ७००आर

नवीन स्पोर्ट क्वाड (मातीत पळवायची चार चाकांची गाडी) येतेय, इंजिन ४५० सीसीच असणार पण १३-१४ हजार आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, फिरणार, असल्या गोष्टी सारख्या कानावर पडतात आणि ज्यांनी पैसे बाजूला काढून ठेवलेत त्यांची पंचाईत होते, आत्ता घेतली आणि लगेच नवी आली तर काय करायचं. माझं सरळ मत आधी सांगतो. रेस करत नसाल तर थांबू नका, आणि रेस करत असाल तरी आरपीएमच्या आकड्यासाठी थांबू नका.

आता का ते सांगतो, कारण नुसता आकडा ऐकून हुरळून जाणारे खूप बघितलेत. इंजिन किती फिरू शकतं हे बरंचसं पिस्टनच्या वेगावर ठरतं आणि तो वेग स्ट्रोकवर, म्हणजे पिस्टन वर-खाली किती अंतर जातो त्यावर, अवलंबून असतो. हिशोब सोपा आहे, मीटरमधल्या स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. केटीएमची २५० एसएक्स-एफ मोटोक्रॉस बाइक १४,००० फिरते हे सगळ्यांना माहितीय आणि अफवेतला आकडा बहुतेक तिथूनच लोकांच्या डोक्यात बसलाय, पण २०२२ पर्यंतच्या मॉडेलचा स्ट्रोक ५२.३ मिमी होता, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २४.४ मीटर. डुकाटीची डेस्मो४५० एमएक्स घ्या, तिचा स्ट्रोक ६२.१ मिमी, लिमिटर (त्यापुढे इंजिन फिरू न देणारी मर्यादा) ११,९०० ला, वेग येतो २४.६. दोन वेगळ्या कंपन्या, एक २५० आणि एक ४५०, आरपीएममध्ये दोन हजारांचा फरक आणि पिस्टनचा वेग जवळजवळ तोच! त्यात डुकाटीत व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगवर भरवसा नाही, डेस्मो सिस्टीम आहे, व्हॉल्व्ह कॅमनेच ओढून बंद होतो, म्हणजे जास्त फिरवायची सगळी तयारी असूनही त्यांनी बारा हजाराच्या आत आवरलंय आणि मॅक्स पॉवर तर ९,४०० लाच येते.

मग ४५० सीसीचं सिंगल सिलिंडर १४ हजार फिरवायचं तर काय करावं लागेल? बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून १०० मिमी करा, स्ट्रोक ५७.३ वर येतो, तरी वेग २६.७ होतो. आणि पिस्टन मोठा म्हणजे जड, ज्वाला कडेपर्यंत पोचायला अंतर जास्त आणि वेळ कमी, १० हजारला क्रँकच्या एका फेरीला ६ मिलिसेकंद मिळतात ते १४ हजारला ४.३ वर येतात. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० वरून १४ हजारवर गेलं की जवळपास दुप्पट. हे अशक्य नाहीये, पण ते इंजिन किती तासांनी उघडावं लागेल याचा विचार करा.

इतिहास बघा ना. २००४ पासून होंडाची टीआरएक्स४५०आर, यामाहाची वायएफझेड४५०, मग सुझुकीची एलटी-आर४५०, कावासाकीची केएफएक्स४५०आर, कॅन-अ‍ॅमची डीएस ४५०, एवढ्या सगळ्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसून ४५० बनवत होत्या तेव्हासुद्धा स्ट्रोक ६०.८ ते ६४.८ मिमी याच्या बाहेर यांच्यापैकी कोणी गेलं नाही. इंजिनियर लोकांना आकडा वाढवता येत नव्हता असं नाही, क्वाडला त्याचा उपयोग नव्हता.

अफवेचा दुसरा प्रकार म्हणजे रस्त्यावरच्या बाइकचं ट्विन किंवा फोर सिलिंडर क्वाडमध्ये येणार. यात आरपीएमचा आकडा तरी खरा होऊ शकतो. कावासाकीची फोर सिलिंडर झेडएक्स-२५आर १७,००० च्या रेडलाइनपर्यंत जाते, कारण तिचा स्ट्रोक ३१.८ मिमीच आहे, पिस्टनचा वेग १८ च्या आसपास, म्हणजे इंजिनाला काही त्रासच नाही. पण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, कुठे आहे? बाइकला वर जाऊन पॉवर मिळाली तरी चालतं, मातीत चार रुंद टायर ओढायचे असले की चालत नाही. यामाहाची बॅन्शी मात्र याला अपवाद म्हणून प्रत्येक वेळी पुढे केली जाते, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली गेली आणि वाळूच्या टेकड्यांवर आजही लोक तिच्यावर जीव टाकतात. मलाही ती मनापासून आवडते. पण बॅन्शी चालवणारा माणूस सतत क्लच आणि गिअरशी खेळत असतो, पॉवरबँडच्या (ज्या आरपीएममध्ये खरी पॉवर मिळते त्या पट्ट्याच्या) खाली गेली की गाडी मरते, आणि अरुंद झाडीतल्या वाटेवर अर्ध्या तासात हात भरून येतात. टू-स्ट्रोक असूनही असं, तर लहान फोर-स्ट्रोक फोर सिलिंडरचं काय होईल बघा.

आता जे हातात येऊ शकतं त्याकडे, यामाहाच्या दोन क्वाड. वायएफझेड४५०आर म्हणजे ४४९ सीसी, बोअर-स्ट्रोक ९५ बाय ६३.४, पाच टायटॅनियम व्हॉल्व्ह, डबल कॅम, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, २००९ ला फ्युएल इंजेक्शनसकट आली. सगळी लिक्विड भरून १८४ किलोच्या आसपास. राप्टर ७००आर ६८६ सीसी, १०२ बाय ८४, चार व्हॉल्व्ह, सिंगल कॅम, वजन १९० च्या थोडं वर. वजनात फारसा फरक नाही, पण चालवताना दोन्ही गाड्या वेगळ्या जगातल्या वाटतात.

मऊ मातीतल्या वळणातून बाहेर पडताना हे सगळ्यात स्पष्ट कळतं. वायएफझेडवर तुम्ही एक गिअर वर असाल तर अंगठ्याने थ्रॉटल दाबल्यावर इंजिन घुटमळतं, क्लचला दोन बोटांनी हलका झटका द्यायचा, आवाज चढतो आणि मग मागची चाकं एकदम पकडतात आणि गाडी सुटते, आणि ती सुटते तेव्हा खरंच मजा येते. राप्टरवर तोच गिअर, तीच चूक, नुसता अंगठा दाबा, गाडी निघून जाते, क्लचला हात लावायची गरज नाही. मात्र सरळ पट्ट्यात वायएफझेड वर वर चढत राहते तेव्हा राप्टरला वर फारसं काही शिल्लक नसतं, ८४ मिमी स्ट्रोकमुळे ती पावणेनऊ हजारातच पिस्टनच्या त्या २४.५ च्या वेगाला पोचते, तिला लवकर गिअर टाकायचा असतो. उड्या मारायच्या तर वायएफझेडच, सस्पेन्शनचा प्रवास पुढे साधारण २५ आणि मागे २८ सेमी आहे, राप्टरचा दोन्हीकडे साधारण दोन सेमीने कमी. पण राप्टरला रिव्हर्स आहे, वायएफझेडला नाही, आणि चढावर झाडाला तोंड लावून अडकलात की रिव्हर्सची किंमत कळते, उतरून एवढी गाडी मागे ओढायची म्हणजे कंबर जाते.

मेंटेनन्सबद्दल लोक शेवटी विचारतात, खरं तर पहिलं विचारायला हवं. राप्टरचा व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हवर ठेवायची बारीक फट) स्क्रूने सेट होतो, रॉकर आर्म आहेत, घरी शांतपणे करता येतं. वायएफझेडला बकेट (व्हॉल्व्हवरची टोपी) आणि शिम (मापाची छोटी चकती), शिम बदलायची तर कॅम काढावे लागतात. टायटॅनियम व्हॉल्व्ह हलके म्हणून जास्त फिरायला चांगले, पण त्यांच्यावरचा कडक थर एकदा घासला की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो आणि क्लिअरन्स कमी होत जातो. सेकंडहँड ४५० बघायला गेलात तर इंजिन थंड असताना कव्हर उघडून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावू द्या म्हणा. एखादा इनटेक व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा खूप टाइट असेल आणि मालक म्हणत असेल की आत्ताच शिम बदलली, तर तो व्हॉल्व्ह संपलाय असं धरा. एअर फिल्टरच्या मागच्या बाजूला बोट फिरवा, धूळ लागली तर पुढे बोलूच नका. आणि हे आजच्या दहा-अकरा हजार फिरणाऱ्या इंजिनाचं झालं, त्याहून जास्त फिरणाऱ्याचं तुम्हीच ठरवा.

बंद झालेल्या गाड्यांमध्ये केएफएक्स४५०आरला रिव्हर्स आहे म्हणून ट्रेलवाल्यांनी ती नक्की बघावी, ४५० ची मजा आणि अडकलात तर मागे यायची सोय. एलटी-आर उडीला अप्रतिम पण झाडीत रुंद पडते. मात्र पार्ट मिळतात का ते आधी विचारा, मग गाडी बघायला जा.

तर घ्यायचं काय? ट्रेल, वाळू, लांब फेरफटका, महिन्यातून एखाद्या वेळी चालवणार, तर राप्टर, डोळे झाकून. ट्रॅकवर दर आठवड्याला जाणार आणि स्वतः पाना हातात घ्यायची तयारी आहे तर वायएफझेड. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं असेल तर ते फक्त एका माणसाने लागावं, ज्याच्याकडे आधीच एक चालू गाडी आहे आणि जो रेस करतो. त्यानेही नव्या गाडीची अधिकृत माहिती आली की आरपीएमची ओळ सोडून द्यावी आणि दोन आकडे शोधावेत, स्ट्रोक किती आणि जास्तीत जास्त टॉर्क किती आरपीएमला. डेस्मो४५० चा टॉर्क ७,५०० ला येतो, क्वाडमध्ये तो त्याच्याही खाली आला पाहिजे. तो आकडा ९ हजारच्या वर लिहिलेला दिसला तर पहिल्या वर्षी बुकिंग करू नका, एक सीझन दुसऱ्यांना चालवू द्या आणि त्यांची इंजिनं किती वेळा उघडली ते विचारा.