बॉल पायथन जेवत नाही: चिमट्यानं द्यायचं का रात्री ठेवून द्यायचं?

भावांनो, डिसेंबरात आमच्या बॉल पायथननं, म्हणजे पाळलेल्या छोट्या जातीच्या अजगरानं, पाच आठवडे तोंड उघडलं नव्हतं, आई रोज विचारायची, "जेवलं का रे ते?" मग दोन्ही करून बघितलं.

चिमट्यानं द्यायचं तर फ्रीजरमधला उंदीर आधी पूर्ण वितळवून, पिशवीतनं कोमट पाण्यात बुडवून साधारण 38 डिग्रीला आणायचा आणि नाकापुढं हळू हलवायचा. याच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळं उंदराचं डोकं गरमच पाहिजे. खादाड सापाला भारी आहे हे, पण आमचं लई बुजरं, चिमटा दिसला की वेटोळं घालून डोकं आत.

दुसरं म्हणजे तोच गरम उंदीर रात्री लपायच्या डब्याच्या तोंडाशी ठेवायचा, लाईट बंद, आणि खोलीत डोकवायचं पण नाही. नाही खाल्ला तर सकाळी फेकायचा, वास विचारू नका. दोनदा फेकला, आठवड्यानं तिसऱ्यांदा ठेवला तर सकाळी जागा रिकामी!

बुजऱ्याला माझं मत दुसऱ्यालाच. फक्त सापाच्या पेटीची गरम बाजू 31-32 डिग्री आहे का बघा, कोल्हापुरातल्या पहाटेच्या गारठ्यात ती घसरतेय. जिवंत उंदीर सोडू नका, तोच सापाला चावतोय. वजन उतरायला लागलं तर सरळ डॉक्टर गाठा.