स्वस्त रातकिडे आणि ५,६५० रुपये : पुण्यातल्या गेको पाळणाऱ्यांनी हे वाचावे

गेकोंसाठी, म्हणजे घरी पाळायच्या पालींसाठी, जिवंत किड्यांचे खाद्य निम्म्या भावात देतो असे सांगणाऱ्या एका माणसाने माझे ५,६५० रुपये बुडवले. त्यातले सगळे पैसे माझे नव्हते, हे अधिक जिव्हारी लागले आहे. आम्ही चौघांनी मिळून एकत्र मागणी नोंदवली होती. पैसे माझ्या खात्यातून गेले आणि बाकी तिघांचा वाटा मी नंतर पदरचा भरून दिला. त्यांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही, पण आता खाद्याचा विषय निघाला की तिघेही तो शिताफीने बदलतात.

निम्म्या भावाला भुललो, असे कोणी म्हणण्याआधी हिशेब मांडतो. मी जिथून खरेदी करतो तिथे एका रातकिड्याला पाच रुपये पडतात. क्रेस्टेड गेको ही जात तयार पावडरीच्या खाद्यावर जगते हे खरे, परंतु वाढत्या पिल्लांना कीटक दिले की ती जोमाने वाढतात, आणि पिल्ले चार घरांत मिळून बरीच होती. सोसायटीच्या बागेतले किडे पकडून घालावेत, तर तिथे डासांसाठी धूर आणि झाडांवर औषध ठरलेले असते. त्यामुळे उरुळी कांचनजवळ स्वतःची शेड असलेला कोणी दोन रुपयांना रातकिडा देतो म्हटल्यावर चौकशी करणे हा हावरटपणा नव्हता, गरज होती.

त्याने आधी ५० रातकिडे पाठवले. १०० रुपये घेतले, दुचाकीवरचा पार्सलवाला डबा दारात देऊन गेला, आत अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, गाजराचा काप आणि जवळजवळ सगळे किडे जिवंत. आज उलगडते, की ते बहुधा त्याने कुठल्या तरी दुकानातूनच पाच रुपयांनी आणले असावेत. म्हणजे १५० रुपयांचा तोटा सोसून त्याने माझा विश्वास विकत घेतला. पहिला छोटा व्यवहार सुरळीत झाला याचा पुरावा म्हणून काडीइतकाही उपयोग नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

मग मोठी मागणी : १,००० रातकिडे २,००० रुपयांना, २०० सुपरवर्म (भुंगेऱ्यांच्या मोठ्या अळ्या) ८०० रुपयांना आणि १०० लहान डुबिया झुरळे ८०० रुपयांना, एकूण ३,६०० रुपये. मी शेडवर येऊन घेऊन जातो म्हटले, तर तो म्हणाला की बाहेरच्या माणसाच्या बुटांबरोबर विषाणू येतो आणि सगळी पैदास बसते. हे ऐकून माझा विश्वास उलट वाढला, कारण २०१० च्या सुमारास अमेरिकेत रातकिड्यांची पैदास करणारी काही मोठी केंद्रे अशाच एका विषाणूने उद्ध्वस्त झाली होती, हे मला ठाऊक होते. ज्याला एवढे माहीत आहे तो या धंद्यातलाच असणार, असे कोणालाही वाटले असते.

आणि आता ती जागा, जिच्यावरून मी अजून रात्री कूस बदलतो. पैसे पाठवण्यापूर्वी मी सहज विचारले, की सुपरवर्म किती टिकतील. तो म्हणाला, “दादा, डबा फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभर हलणार नाहीत.” मीलवर्म या लहान अळ्या गारव्यात सुस्तावतात आणि टिकतात, सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये मरतात. पाळणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यात कळते, आणि ज्याची शेड सुपरवर्मने भरलेली आहे त्याला कळत नाही, हे शक्यच नाही. ते वाक्य माझ्या कानांनी ऐकले, मनात काहीतरी अडखळलेही, पण तेवढ्यात त्याने शेडचा व्हिडिओ पाठवला आणि मी ३,६०० रुपये पाठवून मोकळा झालो. व्हिडिओ कोणाचाही असू शकतो. थेट व्हिडिओ कॉल करायला सांगा, त्या दिवसाचे वर्तमानपत्र डब्याशेजारी धरायला लावा, आणि पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येते ते विक्रेत्याने सांगितलेल्या नावाशी जुळते का, ते पाहा. माझ्या वेळी ते जुळत नव्हते. “भावाचे खाते आहे” असे उत्तर मिळाले.

पुढचे आपण सर्वजण जाणता. माल आला नाही, नव्या मागण्या आल्या : थर्मल पेटीची परत मिळणारी अनामत १,२०० रुपये, मग वाहतूक परवान्याचे ८५० रुपये. पहिल्या ५० रातकिड्यांना परवाना लागला नव्हता, तर या हजारांनाच का, हे विचारले तेव्हा “संख्येवर असतं” म्हणाला. त्यानंतर परताव्यासाठी म्हणून क्यूआर कोड आला. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही एवढे मला कळत होते, म्हणून आकडा ५,६५० वर थांबला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेतला. हे तासाभरात करावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येतात. त्यानंतर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी अर्ज वाचला आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, “अहो, हे झुरळं विकत घेतात!” तिथे बसलेले सगळे हसले. मग रक्कम किरकोळ आहे, मग समोरचा क्रमांक दुसऱ्या राज्यातला आहे, मग हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, असे मी नम्रपणे सांगितले, तर “तुम्ही वकील आहात का?” असा प्रश्न आला. अर्जावर पोच मिळवण्यासाठीसुद्धा हुज्जत घालावी लागली. बँकेने तर दारच लावून घेतले : पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आमची जबाबदारी नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाच्या कागदपत्रांवर उघडले, हे बँकेला कळते, पोलिसांना विचारता येते, आणि ज्याचे पैसे गेले तो मात्र दोन्ही खिडक्यांमध्ये कागद घेऊन उभा. चोरीची रक्कम किरकोळ ठरवणाऱ्यांनी असे किती चौघे फसले असतील, याची बेरीज कधी केली आहे का?

डुबिया आणि मीलवर्म घरीच वाढवा. मीलवर्मला कोंडा किंवा ओट्स आणि गाजराचा तुकडा पुरतो, डुबियाला गुळगुळीत प्लॅस्टिक चढता येत नाही. सुपरवर्मचा कोष हवा असेल तर एकेक अळी वेगळ्या डबीत ठेवावी लागते. विक्रेत्याला मुद्दाम हेच विचारा. पैदास करणारा माणूस या विषयावर न थांबता बोलेल.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने पुन्हा फिरतो आहे : निळी ताडपत्री, डाव्या कोपऱ्यात तुटलेला पंखा. दिसल्यास उत्तर देऊ नका, क्रमांक आणि खात्याच्या तपशिलाचे छायाचित्र जपून ठेवा, आणि आधीच पैसे गेले असतील तर स्वतःच्या नावाने वेगळी तक्रार नोंदवा. माझ्या तक्रारीत तुमची रक्कम जोडून घेता येत नाही, असे मला लेखी कळवण्यात आले आहे.