रीड स्विच घ्यावा की सॉलिड स्टेट सेन्सर?

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या पॅकिंग मशीनवर न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) सिलिंडरचा, म्हणजे त्यातलं चुंबक ओळखणारा, सेन्सर बदलायची वेळ आली की हा प्रश्न येतोच. माझं मत आधी सांगतो: मशीन दिवसभर धडाधड चालणारं असेल तर सॉलिड स्टेट (हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक सेन्सर); दरवाजा, टाकी किंवा बॅटरीवरचं उपकरण असेल तर रीडच.

रीडमध्ये काचेच्या बंद नळीत निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ आलं की त्या एकमेकींना टेकतात. सप्लाय लागत नाही, एसी-डीसी दोन्ही चालतं. पण टेकताना पट्ट्या क्षणभर थरथरतात. एका फेरीला काउंटर दोन-तीन आकडे पुढे सरकतो तो यामुळेच. हॉल सेन्सर हा चुंबक ओळखणारा सॉलिड स्टेट सेन्सर; त्यात हलणारं काही नाही, म्हणून आरपीएम मोजायला तोच घ्या. मात्र त्याला सप्लाय सतत द्यावा लागतो. सिलिंडरचा तीन वायरींचा सॉलिड स्टेट सेन्सर घेताना पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) पीएनपी (आउटपुटला प्लस देणारा) लागतो की एनपीएन (मायनस देणारा), तेवढं बघून घ्या.

रीड लवकर जातो, ही तक्रार सगळीकडे आहे. बहुतेक वेळा दोष लोडचा, म्हणजे रीडवर जोडलेल्या वस्तूचा, असतो. समजा, रीडवर १० वॉट, २०० व्होल्ट, ०.५ अँपिअर लिहिलंय. म्हणून २०० गुणिले ०.५ करून १०० वॉट चालतील असं नाही. तिन्ही मर्यादा एकाच वेळी पाळायच्या असतात. २४ व्होल्टवर हिशेब जेमतेम ०.४ अँपिअरचा. त्यातही रिले किंवा व्हॉल्व्हची कॉइल थेट जोडली, तर बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजने कॉन्टॅक्ट जळतो, नाहीतर कायमचा चिकटतो. डीसी कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड लावा, डायोडवरच्या रंगीत पट्टीची बाजू प्लसला. फिलामेंटचा बल्बही नको. थंड असताना तो सुमारे दहापट करंट ओढतो. पीएलसीच्या इनपुटवर हाच रीड वर्षानुवर्षं टिकतो.

सोसायटीच्या टाकीतल्या मॅग्नेटिक फ्लोटच्या दांड्यातही रीडच असतो. त्यावर पंप थेट चालवू नका. रीडने रिले ओढावा, रिलेने कॉन्टॅक्टर (पंपासाठीचा मोठा स्विच).

लोखंडी सेफ्टी डोअरवर साधा सेन्सर बसवला तर चुंबकाचा जोर लोखंडातच वळतो आणि सेन्सर चुंबक ओळखतो ते अंतर घटतं. मधे प्लास्टिकची जाड पट्टी द्या, किंवा लोखंडी दारासाठीचाच सेट मागा.

सुटा रीड पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) लावताना काच आणि वाकवायची जागा यांच्यामध्ये पाय चिमट्याने घट्ट धरा आणि मगच वाकवा. काचेला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, आणि स्विच काही महिन्यांनी कधी लागतो, कधी लागत नाही.