नाशकात खाऱ्या पाण्यातले नाजूक जीव देणारं दुकान: पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारही आहे आणि तेवढ्यावरून कुणाचं गिऱ्हाईक तोडायची इच्छा नाही. गंगापूर रोडच्या आत एका गल्लीत आहे, पुढे गप्पी-गोल्डफिश आणि खाऱ्या पाण्याचं सगळं मागच्या खोलीत. नाशकात मरीन टाकीवाले बोटावर मोजण्याइतके, त्यांना कळेलच.

पहिल्यांदा गेले ती ॲनिमोन घ्यायला, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा दिसणारा समुद्री जीव. क्लाउनफिश ॲनिमोनमध्ये लोळतानाचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलेलं. दुकानवाल्या दादांनी आधी विचारलं, ताई टाकी किती दिवसांची? म्हटलं दोन महिने. म्हणे मग आत्ता स्नेल (गोगलगाय) आणि दोन हर्मिट खेकडे न्या, ॲनिमोनचं दिवाळीनंतर बघू. मला रागच आला, पैसे घेऊन उभी आहे आणि हा माणूस परत पाठवतोय! पण पाण्यातलं विषारी अमोनिया-नायट्राइट शून्य आलं म्हणजे टाकी तयार झाली असं नसतं हे मला तेव्हा कुठे माहीत होतं, ॲनिमोनला पाणी कित्येक महिने एकसारखं स्थिर लागतं, सहा महिने तरी धरा.

दुकानात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रत्येक टाकीच्या काचेवर मार्करने तारीख लिहिलेली असते, जीव कधी आला त्याची. माल मुंबईहून कसारा घाट चढून गुरुवारी रात्री येतो आणि शुक्रवारी तुम्ही कितीही गयावया करा, आठवडाभर काही विकायचं नाही. शिवाय माशांची औषधाची टाकी पूर्ण वेगळी, जाळीसुद्धा वेगळी. हे का महत्त्वाचं ते मी आधी दुसरीकडे पैसे घालवून शिकलेय. तिथे माशाला पांढरे ठिपके आले म्हणून एक निळं औषध दिलं, त्यात तांबं असतं हे सांगितलंच नाही. मासा वाचला, पण स्नेल आणि श्रिंप (कोळंबी) दोन दिवसांत साफ. आणि तांबं दगडात मुरतं, पाणी बदललं की गेलं असं होत नाही, शेवटी सगळे दगड टाकून द्यावे लागले.

क्लीनर श्रिंप मात्र इथूनच घेतली. मासा आतलं मीठ स्वतः सांभाळून घेतो, श्रिंप आणि स्टारफिशला ते फारसं जमत नाही, त्यामुळे पाण्याचा खारटपणा (घनतेवरून मोजतात) पिशवीत १.०२२ आणि घरी १.०२५ असेल तर थेट सोडायचं नाही. दादांनी सलाइनसारखी बारीक नळी, मधे एक गाठ, असं करून दाखवलं, घरच्या टाकीचं पाणी पिशवीतल्या पाण्यात सेकंदाला दोन-तीन थेंब, तासदीड तास. नळीचे पैसे घेतले नाहीत.

तीन आठवड्यांनी सकाळी बघते तर श्रिंप दगडावर आडवी, पांढरट, मेलेली. सात वाजता फोन केला, बिचारे झोपेतच होते. म्हणाले डोळे बघा, काळे आहेत का रिकामे? टॉर्च मारला तर डोळ्यांच्या जागी नुसत्या पारदर्शक टोप्या. कात टाकली होती बाईने! ती स्वतः दगडामागे लपलेली, नवीन कवच कडक होईपर्यंत दोन दिवस बाहेरच आली नाही. सासूबाई म्हणाल्या, तुझ्यापेक्षा तिचे नखरे जास्त.

ॲनिमोन शेवटी जानेवारीत मिळाला, बबल टिप जातीचा. देताना तोंड घट्ट मिटलेलं आहे ते दाखवलं, मिटलेलं हवं, आ वासलेलं असेल तर घेऊ नका. पाय दगडाला चिकटलेला होता तर खरवडून न काढता दगडासकट दिला, कारण पाय फाटला की वाचणं अवघड. घरी आल्यावर ॲनिमोनसाहेब तीन दिवस टाकीभर फिरले. पाणी हलवणाऱ्या वेव्ह पंपावर आधीच स्पंज बांधून ठेवा असं सांगितलं होतं म्हणून वाचला, नाहीतर पंपात जाऊन मिक्सरमधून काढल्यासारखा झाला असता आणि सोबत आख्खी टाकी गेली असती.

आता कापलेला स्टार. एकदा दादा नव्हते, काउंटरवर पोरगा होता, आणि एक पांढराशुभ्र कार्पेट ॲनिमोन दिसला, इतका सुंदर की तारीखसुद्धा बघितली नाही, साडेतीन हजार दिले. तो पांढरा रंग म्हणजेच आजार होता. याच्या अंगातलं शेवाळ याला प्रकाशातून अन्न बनवून देतं, ते निघून गेलं की असा पांढरा पडतो, म्हणजे उपाशीच. तीन आठवड्यांत गळून गेला. रात्री अकराला पन्नास लिटर पाणी बदललं आणि वास दोन दिवस हॉलमध्ये. दादांनी चूक मान्य केली पण रोख परत नाही, निम्म्या किमतीचं मीठ दिलं. पोराला शिकवा ना मग, किंवा असा जीव विक्रीच्या टाकीत ठेवूच नका.

हार्ड कोरल, सी कुकुंबर, मोठे जायंट क्लॅम, सी-हॉर्स मागू नका. हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, कोरल तर २००१ पासून. "मुंबईहून आणून देतो" म्हणणारे भेटतात, दादा मात्र विषयच बंद करतात. म्हणून माझ्याकडे दगडही खऱ्या कोरलचे नाहीत, बनवलेले सिरॅमिकचे.

उन्हाळ्याचा सल्ला पण इथलाच. मे मध्ये टाकी ३१ वर गेली, पाहिजे २५-२६. मी चिलरचे भाव बघत बसलेले, दादा म्हणाले आधी दोन छोटे पंखे लावा, नाशकाची हवा कोरडी आहे, मुंबईवाल्यांना नाही चालत ते आपल्याला चालतं. खरंच तीनेक डिग्री उतरलं. फक्त पाणी उडतं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणी टाकायचं, खारं नाही. दोनशे लिटरच्या टाकीला मे मध्ये रोज तीन-चार लिटर. पावसाळ्यात पंख्याचा गुण कमी होतो आणि थंडीत उलट हीटर.

भाव थोडे जास्त आहेत, पार्किंग शून्य. निळ्या लिंकिया स्टारफिशसाठी वर्षभर मागे लागलेय पण आणतच नाहीत, म्हणतात तुमच्या टाकीत दगडावरचा थर संपला की महिनोन्महिने उपाशी राहून विरघळते. बघू, मी पण सोडणार नाही. जाताना थर्माकोलचा डबा घरून न्या, त्यांच्याकडचे कायम संपलेले असतात, आणि सोमवारी दुकान बंद.