मानेच्या मणक्याला इजा असताना श्वासनलिकेत नळी: कोणते साधन निवडावे?

अपघातातल्या रुग्णाच्या मानेच्या मणक्याला इजा असल्याची शंका असली की नळी घालताना मान हलेल या धास्तीने हात आखडतो. परंतु ऑक्सिजन कमी पडला तर मार बसलेल्या मज्जारज्जूचेच नुकसान वाढते, म्हणून हा निर्णय लांबवता येत नाही.

मॅकिन्टॉश ब्लेड (घशात डोकावण्याच्या साध्या लॅरिंगोस्कोपचे वाकडे पाते) सर्वत्र मिळते आणि हाताच्या सवयीचे असते. मात्र त्यासाठी स्वररज्जू थेट नजरेच्या रेषेत यावे लागतात, आणि सहायकाने दोन्ही हातांनी डोके स्थिर धरलेले असताना नेमके तेच अवघड होते. पुष्कळदा एपिग्लॉटिसची, म्हणजे स्वरयंत्रावरच्या झाकणाची, कड तेवढी दिसते. त्या कडेखालून बुजी, म्हणजे नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी, हळूच सरकवावी. ती श्वासनलिकेत शिरली असेल, तर कूर्चेच्या कड्यांवरून जाताना बोटांना बारीक टकटक जाणवते.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा कॅमेरा ब्लेडच्या टोकाजवळ असल्याने ही नजरेची रेष जुळवावी लागत नाही आणि जोरही कमी लागतो. रक्ताने किंवा उलटीने कॅमेरा झाकला जातो, त्यामुळे सक्शन (ते शोषून काढणारे यंत्र) हाताशी हवे. जास्त वाकलेल्या ब्लेडने चित्र उत्तम दिसूनही नळी आत वळत नाही. तेथे स्टायलेट, म्हणजे नळीला बाक देणारी आतली तार, लागते. तरीही अपघात विभागात पहिली निवड व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचीच असावी, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमधील 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही शक्य तेथे हेच साधन सुचवतात.

रुग्ण जागा असताना फायबरऑप्टिकने (लवचीक दुर्बिणीने) नळी घातल्यास रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू राहतो आणि नंतर हातापायांची हालचाल तपासता येते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी, शांत व सहकार्य करणाऱ्या रुग्णात आणि सरावाच्या हातात ही पद्धत उत्तम आहे. डोक्याला मार लागून अस्वस्थ झालेल्या, तोंडात रक्त साचलेल्या रुग्णात मात्र तिचा हट्ट धरू नये.

साधन कोणतेही असो, डोके धरल्यावर मान स्थिर ठेवणाऱ्या कॉलरचा पुढचा भाग काढावा, कारण त्याने तोंड पुरेसे उघडत नाही. आणि मान मागे न वाकवता जबडा पुढे उचलावा. नळी जात नसेल, तर लॅरिंजियल मास्कने (स्वरयंत्राच्या तोंडावर बसणाऱ्या मास्कने) ऑक्सिजन द्यावा. तोही पोहोचत नसेल, तर गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या कूर्चांमधील क्रिकोथायरॉइड पडद्यावर छेद घेऊन बुजीवरून 6 क्रमांकाची नळी घालावी.

आवाज बसलेला असेल किंवा कातडीखाली हवेची चरचर लागत असेल, तर इजा स्वरयंत्रालाच असू शकते. तेथे अंदाजाने नळी ढकलणे घातक ठरते. वेळ असेल तर कान-नाक-घसा शल्यविशारदांना आधीच बोलावून ट्रॅकिओस्टॉमीची (गळ्यातून थेट श्वासनलिकेला छिद्र पाडण्याची) तयारी ठेवावी.